बिनगाडीचं बेट आणि आईची सही

आमच्या घरी सहल नवरा ठरवतो आणि ती निस्तरायचं काम माझ्याकडे असतं. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात त्याने एक बेट शोधून काढलं. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीहून उत्तरेला पाच तासांवर, एका मोठ्या तळ्याच्या मधोमध. बेटावर एक जुनं कॉन्व्हेंट. शाळा नव्हे, सिस्टर लोकांचा मठ. दीडशेएक वर्षं जुना, म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने पुराणकाळातला. मठाच्या पाहुणेघरात दोन रात्री राहायला मिळतं, असं वेबसाइटवर होतं. तळ्याचं आणि बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सिस्टर्सनी आम्हाला एकदा सोसलंय, तेवढं पुरे.

सगळ्यांना आम्ही सांगितलं की फॉल कलर्स बघायला चाललोय. पानं रंगली होती, हे खरं. पण आम्ही चाललो होतो आईची सही घ्यायला.

आई म्हणजे माझी आई. तेव्हा बासष्ट वर्षांची. तिने साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढली. ट्रंक कॉलच्या जमान्यात अर्ध्या जिल्ह्याची बारशी आणि मयतं तिच्या कानावरून गेली. बाबा गेले आणि ती एकटी राहिली. बाबा गेले तेव्हा मी साताऱ्यात पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. पाहुणे मला बाजूला घेऊन सगळं सांगत होते आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी ऐकत होते. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की मी तो उचलायच्या आधी साताऱ्यात किती वाजले असतील ते मोजायचे. मला भीती वाटायची, बस्स. आई डोळ्यांसमोर असली की ती भीती नसायची. म्हणून मे महिन्यात मी तिला बोलावून घेतलं आणि म्हणूनच तिला परत जाऊ द्यायचं नव्हतं.

विमानतळावर तिच्या पासपोर्टात सहा महिन्यांचा शिक्का पडला होता. नोव्हेंबर लागला की मुदत संपणार. मुक्काम वाढवायचा अर्ज नवऱ्याने भरून ठेवला, पुढे ग्रीन कार्डचंही बघू म्हणाला. आईची सही तेवढी राहिली होती. घरी मी तीनदा विषय काढला. तीनही वेळा आई म्हणाली, "बघू." आमच्या आईच्या तोंडी 'बघू' आलं की समजावं, लाइन बिझी आहे. तेव्हा नवरा म्हणाला, चांगल्या जागी नेऊ, मूड चांगला असला की करतील सही. अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी पर्समध्ये ठेवला. शेजारी तीन पेनं ठेवली, कारण एखादं ऐनवेळी दगा देतं.

माझ्या मते आईला आमच्या घरी काहीच कमी नव्हतं. स्वतःची खोली, स्वतःची बाथरूम, डिशवर मराठी चॅनेल. सकाळी आठला आम्ही दोघं निघायचो, साडेतीनला स्कूलबस माझ्या मुलीला सोडायची, साडेसहाला आम्ही परत. मुलगी आठ वर्षांची. आज्जीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही टीव्हीकडे बघून. आई दिवसभरात पोळ्या करायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि खिडकीत बसायची. खिडकीतून समोरच्या घराचं गॅरेज दिसायचं. ते दिवसातून दोनदा उघडायचं.

फक्त तिला चालायला जागा नव्हती. साताऱ्यात ती रोज संध्याकाळी पायी बाजारात जायची आणि वीस मिनिटांच्या कामाला दोन तास लावून यायची. आमच्याकडे रस्त्याला फूटपाथच नाही. सगळ्यात जवळचं दुकान अडीच मैलांवर. जूनमध्ये एकदा ती साडी, कार्डिगन आणि मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट अशा वेषात दुकानाकडे चालत निघाली. पाव मैलात तीन गाड्या थांबल्या आणि तिन्ही गाड्यांनी तिला विचारलं, काय झालं, मदत हवी का? तिसऱ्या गाडीतल्या बाईने तिला घरी आणूनच सोडलं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आई, तुम्हाला चालायचं असेल तर सांगत जा. मी शनिवारी ड्राइव्ह करून मॉलमध्ये सोडतो. तिथे आतल्या आत मस्त चालता येतं." आई म्हणाली, "बरं." त्यानंतर ती दर शनिवारी गाडीत बसून चालायला जायची.

तर सहल. गाडीची डिकी मी भरली, हा माझाच गुन्हा. चाळीस पुऱ्या, बटाट्याची भाजी, एक किलो पोहे, लोणच्याच्या दोन बरण्या, चटणी, दह्याचा डबा ठेवलेला कूलर, पाण्याचा वेगळा कूलर, दोन घडीच्या खुर्च्या, तीन ब्लँकेटं आणि राइस कुकर. राइस कुकर कशाला, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, आईला भाताशिवाय चालत नाही. आई तेव्हा शेजारीच उभी होती. तिला कोणी विचारलं नाही.

तळ्याच्या काठी पोचलो तेव्हा तिथे गवताच्या मैदानावर गाड्या लावलेल्या होत्या आणि एक छोटी लाँच उभी होती. लाँचमध्ये बारा माणसं बसतील, गाडी बसणार नाही. नवरा लाँचवाल्याकडे गेला आणि परत आला.

"बेटावर गाडी नेत नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे बेटावर गाडीच नाही. कोणाचीच. वेबसाइटवर 'नो कार्स' होतं ना, मला वाटलं पार्किंग नाही."

"अरे, मग तू काय वाचलंस?"

"'नो कार्स' वाचलं," तो म्हणाला. हा माणूस पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो.

पुढचा अर्धा तास आम्ही डिकीतून लाँचमध्ये सामान वाहिलं. लाँचवाला म्हातारा, दाढीवाला, अत्यंत सभ्य. त्याने एकदाच विचारलं, "तुम्ही तिथे राहायलाच चाललात का?" नवरा म्हणाला, दोन रात्री. त्याने राइस कुकरकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. दोन रात्रींचा मुक्काम आणि बारशाचं सामान. माझी मुलगी लाँचच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, आमची ओळख नसल्यासारखी.

बेटाच्या धक्क्यावर दोन हातगाड्या उभ्या होत्या. सामान त्यात घालायचं आणि आपलं आपण ओढायचं, हीच तिथली टॅक्सी. नवरा एक ओढायला लागला. दुसरी मी धरायच्या आत आईने धरली. "अगं आई, राहू दे," मी म्हटलं. ती पुढे निघालीसुद्धा. पाच महिन्यांत मी तिला इतक्या जोरात चालताना पाहिलं नव्हतं. पाच महिन्यांत मी तिला चालतानाच कुठे पाहिलं होतं म्हणा. वाटेत एक माणूस उलटी घातलेली होडी रंगवत होता. आईने त्याला "गुड आफ्टरनून" केलं. त्याने ब्रश वर करून उत्तर दिलं. गाडी थांबवून काय झालं असं त्याने विचारलं नाही, कारण त्याच्याकडे गाडी नव्हती आणि सगळेच जण चालत होते.

मठ दगडी, दोन मजली, बाजूला सफरचंदाची झाडं आणि भाजीचा मळा. एके काळी तिथे साठ-सत्तर सिस्टर्स असायच्या म्हणे. आता नऊ उरल्या होत्या. आमचं स्वागत करायला त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काटकुळ्या, कानात यंत्र. त्यांनी नियम सांगितले. साडेपाचला प्रार्थना, यायची सक्ती नाही. साडेसहाला जेवण. जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत मौन. नवऱ्याने एक प्रश्न विचारला. सिस्टर म्हणाल्या, "पार्डन?" त्याने पुन्हा विचारला. "पार्डन?" तिसऱ्यांदा आईने विचारला. तिचा आवाज मोठा नाही, पण खराब लाइनवरून मुंबईला आकडे कळवण्यात तो घडलेला आहे. एकेक शब्द सुटा, खणखणीत. सिस्टरना पहिल्या झटक्यात कळलं. त्यांनी नवऱ्याचा नाद सोडला आणि पुढचं सगळं आईलाच सांगितलं. आई मान डोलवत होती आणि अधूनमधून "नोटेड, सिस्टर" म्हणत होती.

खोलीत गेल्यावर मी कुकर लावला. मला वाटलं, सिस्टर लोकांचं जेवण म्हणजे सूप आणि पाव, आई उपाशी राहील. तांदूळ धुतले, पाणी घातलं, भिंतीत प्लग लावला, बटण दाबलं. कुठे तरी लांब टक् असा आवाज आला आणि खोलीतला दिवा गेला. मग लक्षात आलं, पॅसेजमधलाही गेला. मग खिडकीतून समोर पाहिलं तर चॅपलच्या खिडक्याही काळ्या. साडेपाच वाजून गेले होते. आतून प्रार्थनेचं गाणं ऐकू येत होतं. ते थांबलं नाही. नऊ म्हाताऱ्या बायका अंधारात गात राहिल्या आणि मी हातात वायर घेऊन उभी राहिले.

"मॉम, यू ब्रोक द चर्च," मुलगी म्हणाली.

पाच मिनिटांनी पॅसेजमध्ये टॉर्चचा उजेड आला. त्याच सिस्टर. मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागले, नवरा व्होल्टेज समजावायला लागला आणि त्या आम्हा दोघांना "पार्डन?" म्हणत राहिल्या. शेवटी आई पुढे झाली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "सिस्टर, वी रिग्रेट द इंटरप्शन. द लाइन विल बी रिस्टोअर्ड शॉर्टली."

सिस्टर हसल्या. म्हणजे अशा हसल्या की टॉर्चचा उजेड भिंतीवर हलायला लागला. मग त्या आईला घेऊन फ्यूज बघायला गेल्या. मला कोणी बोलावलं नाही. थोड्या वेळाने दिवे आले, पण त्या दोघी मात्र तासाभराने जेवायच्या खोलीतच दिसल्या.

टेबलाकडे जाता जाता मी आईला दबक्या आवाजात म्हटलं, "तुझा भात राहिला गं."

"कुठला माझा भात?" आई म्हणाली. "मला पावसुद्धा चालतो. मी कधी म्हटलं भात लागतो?"

"अगं, तू घरी रोज..."

"तू रोज लावतेस, मी रोज खाते," ती म्हणाली आणि घंटा झाली, म्हणजे बोलणं बंद.

मौनात जेवणं आपल्या लोकांचं काम नव्हे. 'घे ना अजून', 'बस, बस', 'मीठ बरोबर आहे ना', यातलं काही बोलायचं नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवावेत तेच मला कळेना. नवऱ्याने खुणेने मिरपूड मागितली, मी त्याला पाव दिला. तो भिवया उडवून काही तरी सांगत होता. पलीकडच्या टेबलावरचे एक पाहुणे नवरा-बायको हसू दाबून लाल झाले होते. आई मात्र सूप पीत होती, पावाचा तुकडा मोडत होती, खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होती. मधेच पाण्याचा घोट. घाई नाही, अवघडलेपण नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. पर्स माझ्या मांडीवर होती. मी मनात म्हटलं, जागा आवडलेली दिसते, उद्या सही होणार.

सकाळी उठलो तर आईचा पलंग रिकामा. चादर ताणून घातलेली, बूट जागेवर नाहीत.

बाथरूम बघितली. पॅसेज बघितला. जेवायच्या खोलीत बघितलं. मौन असल्यामुळे हाकही मारता येईना. नवरा म्हणाला, "फोन करूया," आणि मग त्यालाच आठवलं, आईकडे मोबाइल नव्हता. आम्हीच घेऊन दिला नव्हता. घरीच तर असते, तिला कशाला हवा? बाहेर आल्यावर नवऱ्याने सवयीने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग किल्लीकडे पाहिलं आणि परत ठेवली. चारी बाजूंना पाणी होतं. अवेळी फोन वाजल्यावर वाटते तीच भीती मला वाटली.

आम्ही वेगवेगळ्या दिशांना निघालो. अख्खं बेट चालून बघायला पाऊण तास लागतो. मी जवळजवळ पळतच होते. होडी रंगवणारा माणूस सकाळीच कामाला लागला होता. त्याला विचारलं, साडी नेसलेली एक बाई? "हो तर," तो म्हणाला, "पहिला हात पातळ बसलाय असं म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं." धक्क्यावर लाँचवाला म्हणाला, "त्या मघाशीच येऊन गेल्या. टपाल किती वाजता येतं ते विचारलं. मग साताऱ्याचं टपाल कसं यायचं ते सांगितलं." पोस्टाच्या खिडकीतल्या बाईने मला एक पिशवी दिली. "तुमच्या आई विसरल्या," ती म्हणाली. पिशवीत चार टोमॅटो होते. ते आईला कोणी दिले, हे मी विचारलंच नाही.

श्रूजबरीत पाच महिने राहून आई कोणाला ओळखत होती? समोरच्या घरातल्या माणसाचं गॅरेज ओळखत होती. इथे सकाळी नऊच्या आत तिला अर्धं बेट ओळखत होतं. मी चालत राहिले. आता पळत नव्हते.

आई मठाच्या स्वयंपाकघरामागच्या अंगणात बाकावर बसलेली सापडली. शेजारी त्याच म्हाताऱ्या सिस्टर. दोघींच्या मध्ये शेंगांची टोपली. आई शेंगा सोलत होती, सिस्टरही सोलत होत्या आणि आई त्यांना खणखणीत इंग्रजीत कुठल्याशा जुन्या ट्रंक कॉलची हकिगत सांगत होती. नाश्ता होऊन गेला होता, मौन सुटलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि माझा बांध फुटला.

"आई! काय हे? सांगून जायचं की नाही? आम्ही सगळं बेट पालथं घातलं! माझा जीव गेला असता!"

"अगं, मी चालायला गेले होते," आई म्हणाली. "चालायला सांगून जातात का?"

मला रडू आलं. सिस्टरनी आपल्या बाजूला सरकून जागा केली आणि माझ्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या. तिथे रडणाऱ्या माणसालाही काम देतात. मीही सोलायला बसले.

थोड्या वेळाने सिस्टर मला म्हणाल्या, तुझी आई फार विलक्षण बाई आहे. इथे इतके पाहुणे येतात, पण पहिल्या दिवशी मौन कोणालाच जमत नाही. कोणी हसतं, कोणी खोकतं, कोणी चिठ्ठ्या लिहितं. आमच्यात नवीन आलेल्या मुलींनाही वर्ष लागायचं. या मात्र काल आमच्यातल्याच एक असल्यासारख्या जेवल्या. मग त्यांनी आईला विचारलं, "तुम्ही हे कुठे शिकलात?"

आई शेंग सोलता सोलता म्हणाली, "आय हॅव प्रॅक्टिस, सिस्टर. फाइव्ह मन्थ्स."

"अरे वा, पाच महिने! कुठे?"

"अ‍ॅट माय डॉटर्स हाऊस."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा आला की मला ओळखू येतो, त्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिने नुसतं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, नंबर सांगावा तसं. सिस्टरना वाटलं असणार की माझ्या घरी काही साधनाबिधना चालते. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "किती सुंदर घर असेल तुझं."

मी "थँक यू" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हातातली शेंग सोललेली होती, तीच मी पुन्हा सोलत बसले. सकाळी आठ ते साडेतीन. दिवसाला साडेसात तास, आठवड्याचे पाच दिवस. आणि साडेसहाला मी आल्यावर तरी काय? दमलेय गं, नंतर बोलू. नंतर भांडी, मग ईमेल. मी तिला डोळ्यांसमोर ठेवलं होतं. तिच्याशी बोलायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या लाँचने आम्ही निघणार होतो. त्या दीड दिवसात आई आमच्या वाट्याला जेवायच्या वेळेपुरतीच आली, आणि त्यातही रात्रीचं जेवण मौनात. बाकी वेळ ती मळ्यात तरी होती नाही तर रस्त्यावर. माझी मुलगी तिच्या मागे मागे फिरायला लागली होती, कारण आज्जीबरोबर गेलं की लोक सफरचंद देतात. संध्याकाळी मला तिचं मराठी ऐकू आलं. "आज्जी, थांब ना, मला पण यायचंय." एकही शब्द चुकला नव्हता. आमच्या चाळीस पुऱ्यांपैकी एकवीस त्या नऊ सिस्टर्सनी संपवल्या. लोणचं त्यांनी ठेवून घेतलं.

निघायच्या आधी आई आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसलो होतो. नवरा हातगाडीतून सामान उतरवत होता, राइस कुकर सगळ्यात वर. नवऱ्याने मला लांबून खूण केली. म्हणजे, आत्ता. मी पर्स उघडली आणि बंद केली.

"काढ तो कागद," आई म्हणाली.

"कुठला कागद?"

"पर्समधला. निळं फोल्डर. दोन आठवड्यांपूर्वी तुझं टेबल पुसायला गेले तेव्हाच बघितला. मला इंग्रजी वाचता येतं." ती तळ्याकडे बघत होती. "आल्यापासून तू नऊ वेळा पर्स उघडून बघितलीस. सही हवी आहे ना माझी? करते."

"तुला राहायचंय?" मी विचारलं.

"ते मला कशाला विचारतेस? तुला भीती वाटते, ते मला दिसतं. बाबांच्या वेळी तुझं जे झालं ते मी विसरले नाही. तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर आणखी सहा महिने काढेन मी. काय त्यात? खाते, पिते, खिडकी आहे." मग म्हणाली, "या बेटावर ठेवलं असतंस तर विचारावंही लागलं नसतं."

लाँचवाल्याने घंटा वाजवली. आईने माझ्यापुढे हात पसरला होता. तिने कागद मागितला होता, बरोबर पेनही. ज्या सहीसाठी मी पाच तास गाडी चालवायला लावली, चर्चमध्ये अंधार केला, ती माझ्या हाताच्या अंतरावर होती. घरी जाऊन फक्त टपालात टाकायचं होतं. आणखी सहा महिने भीती नाही.

"पेन नाहीये," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग अर्धवट उघड्या पर्सकडे बघितलं. तीनांतल्या दोन पेनांची टोपणं बाहेर डोकावत होती.

"बरं," ती म्हणाली. "नसेल तर नसेल." आणि उठून हातगाडीतला पाण्याचा कूलर उचलून लाँचकडे चालायला लागली.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने हळूच विचारलं, झाली का सही? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, घरी करून घेऊ. मी म्हटलं, नको. त्याने आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर आई आणि मुलगी सफरचंद खात होत्या. मग त्याने रेडिओ लावला. तसा समजूतदार आहे तो.

मुदत संपायच्या आठवडाभर आधी आई साताऱ्याला गेली. विमानतळावर मी इतकी रडले की सिक्युरिटीवाल्याने मलाच विचारलं, पहिल्यांदा प्रवास करताय का? भीती गेलेली नाही. फोन अवेळी वाजला की साताऱ्यात किती वाजले असतील ते मी अजूनही मोजते. सिस्टरची पत्रं मात्र आईला येत राहिली. आई त्यांना उत्तर लिहायची आणि मला फोनवर वाचून दाखवायची.

मी दर रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. फोन बहुतेक वेळा एंगेज असतो. लागलाच तर पाठीमागून कुकरच्या शिट्ट्या, रिक्षा, कोणाचं तरी हसणं ऐकू येतं. मी जरा बोलायला लागते न लागते तोच तिकडे दाराची बेल वाजते. मग आई तिच्या जुन्या ड्यूटीच्या आवाजात म्हणते, "होल्ड कर हं, कोणी तरी आलंय," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून जाते.

मी होल्ड करते. माझ्या श्रूजबरीच्या स्वयंपाकघरात उभी राहून, कानाला फोन लावून, आई कोणाशी बोलतेय ते ऐकत. कधी कधी पंधरा मिनिटंसुद्धा. मी काही बोलत नाही.